शिकागो, पेटी आणि अल्टोचा बाक

बुधवार

मुलीकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन तीन आठवडे झाले होते. मॉल झाले, ऑरोराचं बालाजी मंदिर झालं, नातवाला शाळेत सोडणं-आणणं चालू होतं, आता परत जायच्या आधी एक तरी गोष्ट माझ्या मनासारखी करायची असं ठरवलं होतं आणि ती म्हणजे शिकागोच्या साउथ साइडला जाऊन ब्लॅक चर्चमधला गॉस्पेल क्वायर, म्हणजे त्यांची देवाची गाणी गाणारा ताफा, ऐकायचा. सावेडीच्या आमच्या भजनी मंडळात मी पस्तीस वर्षं पेटी वाजवतोय. पण हे खूळ त्याच्याही आधीचं. नगरला लहानपणी शेजारचा मित्र ख्रिश्चन, त्याच्याबरोबर नाताळात चर्चमध्ये जायचो, तिथं पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं चालायची, अभंगाच्या चालीवर, आणि मला वाटायचं चर्च म्हणजे जगभर असंच असणार. मग कधीतरी यूट्यूबवर महालिया जॅक्सन ही गॉस्पेल गायिका ऐकली आणि तीन दिवस दुसरं काही ऐकलंच नाही.

तर एका टूरवाल्याकडे ऑनलाइन बुकिंग केलं होतं, "गॉस्पेल संडे" की काय, नाव घेत नाही त्याचं, बुधवारी रात्री मेल आला की माणसं कमी भरली म्हणून टूर रद्द, पैसे परत मिळणार नाहीत पण क्रेडिट मिळेल. क्रेडिट घेऊन मी नगरला काय करू? मी चिडचिड करत बसलो तर मुलगी म्हणाली बाबा थांबा, माझ्या ऑफिसात एक जण आहे ती साउथ साइडच्या चर्चमध्ये अल्टो गाते. अल्टो म्हणजे मला आजवर मारुतीचीच माहीत. तिला मेसेज केला, पाच मिनिटांत उत्तर आलं की रविवारी या, पण त्याआधी गुरुवारी संध्याकाळी रिहर्सलला या, खरं काम तिथं होतं.

गुरुवार

सकाळीच निघालो दोघं. नेपरव्हिलहून मेट्राची गाडी, युनियन स्टेशनला उतरून चालत जाऊन ग्रीन लाइनची एल, म्हणजे पुलावरून जाणारी शहरातली रेल्वे, आणि ३५ वी स्ट्रीट–ब्रॉन्झव्हिल–आयआयटी या स्टेशनवर उतरलो. आयआयटी वाचल्यावर बायको एकदम सावरून उभी राहिली. ही इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हो, आपली नाही.

तिथून थोडं चाललं की ३३ वी स्ट्रीट आणि इंडियाना अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च. म्हणजे चर्चच्या भिंती. वर छप्पर नाही, भिंतींना लोखंडी आधार दिलेत, आणि त्यातून आभाळ दिसतं. ही इमारत १८९१ च्या सुमाराची, मुळात ज्यू लोकांचं सिनेगॉग म्हणून बांधलेली, ॲडलर आणि सलिव्हन या नामी आर्किटेक्ट जोडीने, त्यातल्या ॲडलरचे वडील याच मंडळीचे रबाय, म्हणजे धर्मगुरू, होते. पुढे वस्ती बदलली, दक्षिणेतून ब्लॅक लोक आले आणि १९२० च्या दशकात ती बॅप्टिस्ट चर्च झाली. जानेवारी २००६ मध्ये छपराची दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि सगळं आतून जळून गेलं, आत जपलेले, गॉस्पेलची गाणी बांधणाऱ्या थॉमस डॉर्सींचे मूळ कागदही त्यात गेले. आता इथं गॉस्पेल म्युझियम करायचा बेत आहे. मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभा होतो, तर बायको म्हणाली, एवढ्या लांब भिंती बघायला आलो का आपण.

म्हणलं बाई, या भिंतींच्या आत काय झालं ते ऐक. डॉर्सी हा जॉर्जियाच्या पाद्र्याचा मुलगा, शिकागोला आला आणि 'जॉर्जिया टॉम' नावाने ब्लूज, म्हणजे ब्लॅक लोकांचं गुत्त्यातलं गाणं-बजावणं, वाजवायला लागला, मा रेनी या बाईंच्या मागे पियानोवर असायचा, गाणी पण चावट चावट. आणि हाच माणूस मग देवाची गाणी त्याच ब्लूजच्या ठेक्यात, त्याच मुरडीत बांधायला लागला. मोठ्या प्रतिष्ठित चर्चमधल्या लोकांना ते अजिबात आवडेना, तिथं तेव्हा युरोपियन अँथेम गाणं म्हणजे सभ्यपणा, आणि हा दारूच्या गुत्त्यातली चाल घेऊन आलाय. आपल्याकडे तमाशाची चाल देवळात आणली तर लोक जे म्हणतील तेच. पण दक्षिणेतून रेल्वेने भरभरून आलेल्या माणसांना तेच पाहिजे होतं. १९३१ मध्ये एबेनेझर चर्चमध्ये पहिला गॉस्पेल कोरस उभा राहिला, डॉर्सी आणि थिओडोर फ्राय या दोघांनी उभा केलेला, आणि लगेच पिलग्रिमने डॉर्सींना बोलावून घेतलं, पुढे कित्येक दशकं ते इथंच.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ते कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेले होते, तिथं तार आली, बायको नेटी बाळंतपणात गेली. घरी आले तर बाळ जिवंत होतं, मग तेही गेलं. त्यानंतर जुन्या एका स्तोत्राच्या चालीवर त्यांनी "माझा हात धर" अशा अर्थाचं जे गाणं लिहिलं ते आजही ब्लॅक चर्चमध्ये मयताच्या वेळी गातात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सनने तेच गायलं. हे सांगितल्यावर बायको काही बोलली नाही. तीही जाळीशी येऊन उभी राहिली.

संध्याकाळी मुलगी गाडी घेऊन आली, तिची मैत्रीण चर्चच्या दारातच उभी. चर्च साधं, विटांचं, बेसमेंटमधून तळलेल्या चिकनचा वास. सात म्हणजे सातला पाच-सहा जणच आले होते, बाकीचे येत राहिले, कोण नोकरीवरून, कोण बसने, एक जण हॉस्पिटलचा निळा स्क्रब घालून डायरेक्ट ड्यूटीवरून. आमच्या मंडळासारखंच, तबलजी आला की सुरू. सगळे मिळून तीस-बत्तीस. हातात हात धरून गोल केला, आम्हालाही ओढलं त्यात, प्रार्थना झाली, आणि मग गाणं नाहीच, पाव तास नुसत्या सूचना. शनिवारी एक होमगोइंग आहे, म्हणजे अंत्यविधी, पण त्यांचा शब्द बघा, 'घरी जाणं', तर अकराला किती जणांना सुट्टी मिळतेय हात वर करा. अमुक सिस्टरचं ऑपरेशन झालंय, कार्डावर सह्या करा आणि मंगळवारी दोघं जण जाऊन तिला गाऊन दाखवा. वर्गणी राहिलेल्यांनी द्या. रविवारी झगे नाहीत, वर पांढरं खाली काळं. याला ते म्युझिक मिनिस्ट्री म्हणतात, मला वाटलं होतं मिनिस्ट्री म्हणजे काहीतरी खातं, तर मिनिस्ट्री म्हणजे सेवा. गाणं हा त्यातला एक भाग झाला.

मग शिकवणं सुरू. मिनिस्टर ऑफ म्युझिक म्हणजे तिशीतला एक बारीक पोरगा, पियानोवर बसलेला, आणि कुणाच्याही हातात कागद नाही. एक ओळ. आधी सोप्रानो म्हणजे वरच्या पट्टीतल्या बायकांना गाऊन दाखवली, त्यांनी म्हटली. तीच ओळ खालच्या सुरात अल्टोंना. मग टेनर, आणि पुरुष झाडून सगळे टेनरच, बेस म्हणजे खर्जाचा असा वेगळा नाहीच, तीनच पट्ट्या. मग तिन्ही एकत्र. आणि तिन्ही एकत्र झाल्याबरोबर माझ्या अंगावर काटा, कारण आपल्याकडे शंभर माणसं गायली तरी सगळी एकाच सुरात, आणि इथं एकाच अक्षराला तीन सूर एकमेकांच्या खांद्यावर उभे.

पण सोप्पं नाही ते. अल्टोची ओळ म्हणजे दोन-तीन सुरांत घुटमळणारी, तिला चाल म्हणून काही तोंडवळाच नाही, शेजारी सोप्रानो मस्त खरी चाल गातायत आणि तुम्ही मधल्या सुराला चिकटून राहायचं. दोन अल्टो सारख्या वर घसरत होत्या. पोराने चार वेळा थांबवलं, पाचव्या वेळी त्यांची नक्कल करून दाखवली, सगळे खो खो हसले आणि सहाव्या वेळी बरोबर आलं. मैत्रिणीने बायकोला अल्टोच्या बाकावर बसवून घेतलं होतं आणि मी बघतो तर बाईसाहेबांचे ओठ हलतायत.

शेवटी व्हॅम्प. म्हणजे गाण्याच्या शेवटी एक छोटी ओळ घ्यायची आणि ती घोटायची, घोटत घोटत चढवायची, आपण गजर करतो ना तस्सं. पण डायरेक्टर तोंडाने काही सांगत नाही, सगळं हाताने, बोट गोल फिरवलं की परत, हात वर नेला की अर्धा सूर चढवून सगळ्यांनी वर, मूठ आवळली की कट, एकदम शांत. म्हणून डोळे त्याच्या हातावरून हलले की संपलं. स्क्रबवाल्या बाईंचं लक्ष जरा फोनकडे गेलं आणि कट नंतर त्यांचा एकटीचाच आवाज उरला, तर त्याने मान सुद्धा वर न करता नुसती भुवई उडवली.

साडेनऊला संपलं. ऑर्गनवाले काका, सत्तरीचे असतील, मी त्यांच्या हॅमंड ऑर्गनभोवती फिरतोय हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं. म्हणाले काय वाजवतोस? मी फोनवर पेटीचा फोटो दाखवला. ये म्हणाले बस. हॅमंड चालू करायला दोन बटणं असतात, एक 'स्टार्ट' ते सात-आठ सेकंद दाबून धरायचं, आतली मोटर गरगरायला लागल्याचा आवाज येतो, मग ते धरूनच दुसरं 'रन' टाकायचं, थोडं थांबायचं, मग सोडायचं. आतमध्ये दातेरी लोखंडी चाकं फिरतात लोहचुंबकांसमोर, नव्वदच्या वर, आणि त्यातून सूर निघतो, हवेचा काही संबंध नाही. शेजारी लेस्ली नावाचं लाकडी कपाट, त्यात कर्णा गोल फिरतो म्हणून तो आवाज थरथरतो. मी उजव्या हाताने एक साधी चाल धरली, मोठा सुंदर आवाज, आणि दोन मिनिटांनी काका हसायला लागले. बघतो तर माझा डावा हात ऑर्गनच्या मागच्या बाजूला हवेत मागेपुढे चाललाय. भाता मारत होतो मी. पस्तीस वर्षांची सवय, तो हात थांबला तर जीव घाबरतो, सूर बंद पडेल असं वाटतं.

शुक्रवार

पाऊस. आर्ट इन्स्टिट्यूटला गेलो कारण १८९३ मध्ये विवेकानंदांनी भाषण केलं ते याच इमारतीत, तिथं हात जोडले, मग तो बीन नावाचा आरशासारखा चकचकीत पुतळा बघितला, नातवाने त्यात वाकडी तोंडं करून घेतली, घरी येऊन वरण-भात. सांगण्यासारखं एवढंच. बायको भांडी लावताना गुणगुणत होती पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

शनिवार

सकाळी क्वायर होमगोइंगला गेला असणार. मैत्रिणीने विचारलं होतं येता का, मी नको म्हणलं, परक्याच्या मयताला गाणं ऐकायला जाणं मला बरोबर वाटेना. न्यूयॉर्कात हार्लेमला म्हणे टूरिस्ट बसने येतात, गाणी झाली की प्रवचनाच्या आधी उठून जातात. टूर रद्द झाली ते बरंच झालं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आम्ही जावयाबरोबर गाडीने हिंडलो. किंग ड्राइव्हवर २६ व्या रस्त्यापाशी एक पुतळा आहे, ॲलिसन सार यांनी केलेला, हातात सुटकेस घेतलेला माणूस, तोंड उत्तरेला. जवळ जाऊन बघा, त्याचा सूट कापडाचा नाही दाखवलेला, झिजलेल्या बुटांच्या तळव्यांचा आहे, सगळा अंगभर. दक्षिणेतून जी माणसं आली, १९१६ पासून १९७० पर्यंत साठ लाखांच्या आसपास, सगळीच काही शिकागोला नाही, पण त्यांच्यासाठी हा पुतळा. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामी मोडली त्यांना अर्पण केली होती, आणि त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी सुद्धा या माणसांना घरदार सोडून पळावं लागत होतं आणि इथं येऊन पण ठराविक चार रस्त्यांच्या पट्ट्यातच राहायला मिळत होतं. त्या पट्ट्यात एवढी चर्चेस का, ते मग कळतं.

नंतर वॉबॅश अव्हेन्यूवर फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्स, बाहेरूनच बघितलं. चर्चसारखं दिसतच नाही, लांबट, क्रीम रंगाचं, जुन्या थेटरासारखं. आधी हा टोप्यांचा कारखाना होता आणि त्याचं चर्च केलं १९३९ मध्ये वॉल्टर बेली यांनी, इलिनॉयमधले पहिले परवानाधारक ब्लॅक आर्किटेक्ट. माझ्यासाठी हे तीर्थक्षेत्र कारण याच चर्चने १९३९ मध्ये हॅमंड ऑर्गन आणला, केनेथ मॉरिस वाजवायचे, आणि इथली उपासना रेडिओवरून लांब लांब ऐकू जायची. हॅमंड शिकागोचाच, १९३५ मध्ये बाजारात आला तो ज्यांना पाइप ऑर्गन परवडत नाही त्यांच्यासाठी स्वस्तातला पर्याय म्हणून. आता तोच आवाज म्हणजे ब्लॅक चर्च. पेटीचं पण तेच नाही का, परक्यांची वस्तू, कुणीतरी बसून वाजवायची केली, आणि आता तिच्याशिवाय भजन सुनं.

जेवायला सोल फूड, म्हणजे दक्षिणेतल्या ब्लॅक लोकांचं घरगुती जेवण. मी कॅटफिश घेतला, मक्याच्या पिठात घोळून तळलेला, सुरमई खाणाऱ्याने नाव ठेवू नये असा. बायको शाकाहारी, तिने कॉलर्ड ग्रीन्स मागवले पालेभाजी म्हणून, तर जावई म्हणाला आई विचारून बघा, आणि निघालं की त्यात स्मोक्ड टर्की. मग मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड आणि पीच कॉब्लर यावर तिचं भागलं. मक्याची भाकरी गोड का करतात हा तिचा प्रश्न अजून तसाच आहे.

रविवार

मी कुर्ता-जाकीट, बायको पैठणी. मुलगी म्हणत होती आई एवढं नको, पण तिथं गेल्यावर कळलं आपणच जेमतेम. एकेक आजीच्या टोप्या बघाव्यात, जांभळ्या, पिसं लावलेल्या, त्याच रंगाचे बूट. दारात पांढरे हातमोजे घातलेल्या अशर आजी, मला म्हणाल्या "गुड मॉर्निंग बेबी". चौसष्टाव्या वर्षी मला कुणी बेबी म्हणालं. हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला, मागे फ्युनरल होमची जाहिरात.

सुरुवातीला म्हातारे डीकन, म्हणजे चर्चचे सेवेकरी, पुढे आले आणि वाद्याशिवाय जुनं स्तोत्र, एक जण ओळ झपकन सांगतो आणि मग सगळे ती लांबच लांब ओढून गातात, पूर्वी पुस्तकं नव्हती, वाचता येत नव्हतं, तेव्हापासूनची रीत. मग क्वायर डुलत डुलत आत आला.

आणि मी टाळी वाजवली. चुकीची. चार मात्रा धरा, तर आपण पहिलीवर टाळी देणार, सम, अंगातच आहे ते. तिथं सगळे दुसरीवर आणि चौथीवर. म्हणजे जिथं माझी टाळी तिथं सगळं सभागृह गप्प, आणि जिथं मी हात उघडले तिथं सगळ्यांची टाळी धाडकन. मी मुद्दाम मोजून बदलायचो आणि परत दहा सेकंदांत समेवर. शेवटी शेजारच्या टोपीवाल्या आजींनी माझे दोन्ही मनगट धरले, दोन ओळी स्वतः वाजवून दिल्या, माझ्याकडे न बघताच, पोराचं नाक पुसावं तसं. मग मी पहिल्या मात्रेला पाय आपटायला लागलो आणि हात दुसरीला सोडले. तेव्हा कुठं जमलं.

गुरुवारचं गाणं आलं. एकटीचं गाणं त्या स्क्रबवाल्या बाईंकडे होतं, आज पांढरा शर्ट, केस बांधलेले, ओळखूच येईनात. दुसऱ्या कडव्यात त्या थांबल्या. विसरल्या नव्हत्या, रडू आलं होतं, काल ज्यांना पोचवलं ते त्यांचे कोणीतरी होते हे मला नंतर समजलं. लोक म्हणाले "टेक युअर टाइम". पोराने पियानोवरून हात उचलला, बोट गोल फिरवलं आणि क्वायरने ती एक ओळ धरली, नुसती धरून ठेवली, हळू आवाजात, तीन पट्ट्यांत, पाच वेळा झाली असेल की सात वेळा, ऑर्गनवाले काका खाली एकच सूर लावून बसलेले. मग बाई त्या ओळीवर परत चढल्या. घोटून घेतलं होतं ते कशासाठी, हे मला गुरुवारी कळलं नव्हतं. मग हात वर, सगळे अर्धा सूर वर, परत वर, लोक उभे, आजींची टोपी वाकडी, माझी टाळी कुठं चाललीय मलाच माहीत नाही. कट झाला तेव्हा मात्र अख्ख्या क्वायरमध्ये एकही आवाज उरला नाही.

तिथं ऐकणारं असं कुणी नाहीच, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. क्वायर गातो, लोक उत्तर देतात, ऑर्गन लोकांना उत्तर देतो. प्रवचन सुद्धा सुरात. पास्टरसाहेब आधी बोलत होते, मग आवाज लयीत यायला लागला, वाक्य संपलं की काका हॅमंडवर एक तुकडा टाकणार, परत वाक्य, परत तुकडा, शेवटी शेवटी बोलणं कुठलं आणि गाणं कुठलं सांगता येईना. कीर्तनात बुवा उत्तररंगात चढतात आणि पेटीवाला मागून सूर भरतो, तो पेटीवाला मी हजार वेळा झालोय. काकांचा हात बघत बसलो होतो, प्रवचनाचे शब्द निम्मे सुटले.

पाहुण्यांनी उभं राहा म्हणाले. उभे राहिलो. मुलीने सांगितलं इंडियाहून आलेत, बाबा तिकडे भजनात छोटा ऑर्गन वाजवतात, तर काकांनी तिथूनच डाव्या हाताने हवेत भाता मारून दाखवला. सगळं चर्च हसलं, का ते पहिल्या दोन रांगांनाच माहीत. सव्वातीन तास झाले होते, पाठ दुखत होती, खाली चिकन तयार होतं.

सोमवार

नातवाला शाळेत सोडून आलो तर बायको पोळ्या लाटत गुणगुणत होती. मुलगी म्हणाली आई हे कुठलं गाणं? ती म्हणाली अगं चर्चमधलं. मुलगी म्हणाली ते असं नव्हतं. मीही कान देऊन ऐकलं, खरंच ओळखू येईना, दोन सुरांत नुसतं घुटमळणं, चाल अशी नाहीच. मग ट्यूब पेटली. अल्टोची ओळ होती. ती तेवढीच शिकली होती, गुरुवारी, त्या बाकावर बसून, आणि एका सुरानेही वर घसरली नव्हती. मी मोबाइलवर पेटीचं ॲप काढलं आणि मूळ चाल धरायला लागलो, तर म्हणते कशी, तुम्ही गप्प बसा, तुमच्यामुळे माझी चुकते.